मिस्त्रीला दिवे सांगायचे ते दिवस

आमच्या मिलमध्ये पॅनलची खोली धान भिजवायच्या टाक्यांच्या मागे होती. गोंदियाकडे उसना तांदूळ करतात. धान गरम पाण्यात भिजवायचं, वाफ द्यायची, वाळवायचं आणि मग भरडायचं. पूर्वी हे सगळं माणसं हात घालून, दाणा दाताखाली धरून ठरवायची. मी लागले तोवर ते काम भिंतीवरच्या एका लोखंडी कपाटातून चालायचं. कोणत्या टाकीत पाणी किती, वाफेचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, धान वर उचलणारा ड्रायरचा एलिवेटर कधी थांबवायचा, हे त्या कपाटातला कंट्रोलर ठरवायचा. आणि कंट्रोलर मिस्त्रीच्या ताब्यात होता.

मी सौंदडची. घरी धानाची शेती. इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय झाल्यावर दोन वर्षं घरीच होते. आई स्थळं बघत होती आणि मी परह्यावर, धानाच्या रोवणीला, जात होते. मग नागऱ्याच्या बाजूच्या एका मिलमध्ये पॅनलवर माणूस पाहिजे असं कळलं. मी सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला गेले आणि शेठसमोर उभी राहिले. शेठने माझा कागद बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, मिस्त्री रखेगा तो रखेगा.

मिस्त्री पंचावन्न-छप्पनचा असेल. गाव सडक अर्जुनीच्या पुढे, आत. तो मिलमधल्याच एका खोलीत राहायचा आणि सुटीच्या दिवशी घरी जायचा. शाळा चौथीपर्यंत. मोटारी बांधण्यापासून सुरुवात केली होती. मिलमध्ये ऑटोमेशन आलं तेव्हा नागपूरहून आलेल्या इंजिनिअरच्या बाजूला महिनाभर नुसता उभा राहिला, म्हणे. एक प्रश्न विचारला नाही. महिन्यानंतर इंजिनिअर गेला आणि तेव्हापासून पॅनलला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.

पहिल्या दिवशी त्याने कपाट उघडलं आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हणाले, पीएलसी, कंट्रोलर. त्याने स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याची मूठ माझ्या बोटांच्या पेरांवर मारली. लागेल इतकी. मग खालच्या कप्प्यातून एक जुना, रिकामा बेस काढून माझ्या मांडीवर टाकला. हातभर लांब पत्र्याची पट्टी, तिच्यावर ओळीने काळे सॉकेट, चार कोपऱ्यांना चार स्क्रूची भोकं.

"हा बेस. याच्यावर काही नाई तं पीएलसी बी नाई," तो म्हणाला. "हे समजलं का मंग तोंड उघडजो."

पुढचे पंधरा दिवस मी तेवढंच केलं. बेसवर अगदी डावीकडे पॉवर सप्लायचं कार्ड. ते दोनशे तीस व्होल्ट घेतं आणि पाच व्होल्ट करून बेसमधून सगळ्यांना देतं. त्याच्या शेजारी सीपीयू, ज्यात प्रोग्राम असतो. त्याच्या उजवीकडे शून्य नंबरपासून पुढे जागा. इनपुटची कार्डं बाहेरची खबर आत आणतात. टाकी भरली, बेल्ट फिरतोय, दार उघडं आहे. आउटपुटची कार्डं आतला हुकूम बाहेर नेतात. कार्ड कोणतं, याने त्याचा नंबर ठरत नाही, ते कोणत्या जागेवर बसलं याने ठरतो. दोन कार्डं चुकून अदलाबदल झाली तर कंट्रोलर वाफेच्या व्हॉल्व्हला पंखा समजेल. एका बेसवर जागा पुरली नाही की केबलने दुसरा बेस जोडायचा. त्या दुसऱ्यावर सीपीयू नसतो, तो पहिल्याच्या डोक्याने चालतो. आमच्याकडे असे दोन होते, एक वर, एक खाली.

हे सगळं त्याने मला समजावून सांगितलं असं नाही. मी चुकले की तो मारायचा, त्यावरून मला कळत गेलं. कार्ड बसवताना खालचा आकडा आधी बेसच्या खाचेत अडकवायचा, मग कार्ड उभं करत वरून दाबायचं. टक असा आवाज आला पाहिजे. तो माझ्याकडे पाठ करून बसायचा आणि आवाज ऐकायचा. आवाज बारीक आला तर म्हणायचा, पुन्हा. माझे डोळे माझ्याच ओढणीने बांधायला लावायचा आणि जागा बोटांनी मोजायला लावायचा. पत्र्याच्या कडेने बोटांची टोकं सोलून निघाली. घरी भात कालवताना मिठाने झोंबायचं.

बाहेर बाया धान पसरवायच्या, चाळायच्या. त्यांच्यासमोर तो माझा आयटीआयचा कागद दोन बोटांत धरून दाखवायचा आणि सांगायचा, हा पापड आहे, सरकारी पापड. बाया हसायच्या. मीही हसायचे, कारण न हसण्याने जास्त लागतं.

तिसऱ्या महिन्यात मी एक कार्ड जाळलं. ड्रायर चालू होता, एक आउटपुट काम करत नव्हतं. तो बाहेर मोटारीजवळ होता आणि तिथून ओरडला की चौथ्या जागेचं कार्ड बदल, लवकर. पॉवर बंद केली तर ड्रायर थांबेल आणि तो मारेल, असं मला वाटलं. पॉवर चालू असताना कार्ड ओढायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ओढलं. बारीक ठिणगी उडाली, जळका वास आला, आणि कार्ड मेलं. ड्रायर तसाही थांबला.

मिस्त्री आत आला आणि वास घेतला. त्याने सुतळीचा तुकडा घेतला, जळालेल्या कार्डाच्या वरच्या खाचेतून ओवला आणि माझ्या गळ्यात बांधला. म्हणाला, सुटी होईपर्यंत काढायचं नाही. मी तशीच पॅनलवर बसले, तशीच डबा खायला गेले. बाया आधी हसल्या. दुपारनंतर हसायच्या थांबल्या, माझ्याकडे बघेनाशाही झाल्या, आणि ते हसण्याहून वाईट होतं. संध्याकाळी शेठ आला. त्याने मोबाईल काढून माझा फोटो घेतला आणि मिलच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणारे चेहरे पडत गेले. माझ्या खिशात फोन थरथरत होता, कारण त्या ग्रुपवर मीही होते.

घरी आईने मानेवरचा वळ बघून विचारलं. मी सांगितलं, नागऱ्याच्या देवळातून गंडा बांधून घेतला होता, टोचला म्हणून काढला.

त्या दिवशी मी नोकरी का सोडली नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. परह्यावर परत जायचं नव्हतं, हे एक. दुसरं असं की तोवर मला पॅनल आवडायला लागलं होतं. कपाट उघडलं की त्या बारीक दिव्यांची ओळ दिसायची. एक दिवा म्हणजे बाहेर घडणारी एक गोष्ट. एवढी मोठी मिल, आणि तिचं सगळं त्या दोन पट्ट्यांवर.

दिवाळीच्या सुमारास मिस्त्रीने नवीन पद्धत काढली. काही बंद पडलं की तो मला कपाटासमोर उभं करायचा आणि स्वतः स्टुलावर पाठ करून बसायचा, तंबाखू मळत. मग विचारायचा.

"पॉवर?"

हिरवा, मी सांगायचे. रन? हिरवा. एरर? बंद. शून्य नंबर कार्ड? मग मी सोळा दिवे डावीकडून म्हणून दाखवायचे, लागला, लागला, बंद, लागला. तो मध्येच थांबवायचा आणि सांगायचा, दोन नंबरच्या टाकीचा फ्लोट अडकला आहे, जाऊन हलव. मी जायचे, हलवायचे, टाकी चालू व्हायची. तो कधी चुकला नाही. प्रत्येक कार्डाचे सोळा दिवे आणि प्रत्येक दिव्यामागची वायर त्याच्या डोक्यात होती. मला वाटायचं, तो माझी परीक्षा घेतो आहे. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला तो मोठा वाटायचा.

एका दुपारी चहा आला. मी त्याचा ग्लास टेबलाच्या कडेला ठेवला, रोजच्या जागेपासून वीतभर डावीकडे. तो रोजच्या जागी हात घेऊन गेला, तिथे काही नव्हतं. हात तसाच थांबला. मग टेबलावरून हळूहळू सरकत ग्लासापर्यंत आला. त्याने मान वळवली नाही. मी बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडे निळी वायर मागितली. निळी त्याच्याच हातात होती. मी काही न बोलता त्याच्या हातातलीच घेतली आणि परत दिली. तो म्हणाला, हां. तेव्हा मला कळलं की तो माझी परीक्षा घेत नव्हता. तो माझ्या डोळ्यांनी पॅनल चालवत होता.

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी त्याच्यासमोर उभी राहिले, त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, आणि जीभ बाहेर काढली. तो पुढे बघत बोलत राहिला. त्याला माझा आकार दिसत असावा, धूसर, चेहरा दिसत नसावा. मी डोळे फिरवले, गाल फुगवले, त्याच्यासारखं तोंड वाकडं करून दाखवलं. त्यानंतर रोज. तो मला शिव्या घालत असायचा आणि मी त्याच्या समोर तोंडं करत असायचे. एकदा एक बाई दारातून हे बघून गेली आणि तिने बाकीच्यांना सांगितलं. मग त्याही मधूनमधून यायच्या, दाराशी उभ्या राहायच्या आणि पदर तोंडात धरून हसायच्या. त्याला वाटायचं, त्या मला हसतायत. तो आणखी जोरात बोलायचा.

असे चार महिने गेले. चार महिने मला ठाऊक होतं. शेठला सांगितलं नाही, त्यालाही सांगितलं नाही. ते माझ्याजवळ ठेवलेलं होतं आणि मला ते वापरायची घाई नव्हती.

मग तो दिवस आला. मिल वाढवायची होती म्हणून नागपूरहून इंजिनिअर आला होता. सकाळचे दहा वाजले असतील. शेठ त्याला टाक्या दाखवत होता आणि तेवढ्यात सगळं थांबलं. ड्रायर, एलिवेटर, पंप, सगळं एकदम. मिलमध्ये आवाज बंद झाला की कान दुखतात. शेठ आणि इंजिनिअर पॅनलच्या खोलीत आले. मिस्त्री स्टुलावरून उठला, पण कपाटाकडे गेला नाही. दोन पावलं मागे, भिंतीला टेकून उभा राहिला आणि रोजच्यासारखं विचारलं.

"पॉवर?"

"हिरवा."

"रन?"

रनचा दिवा बंद होता. त्याच्या खालचा एररचा दिवा लाल लुकलुकत होता. कपाट उघडंच होतं, आणि तो दिवा खोलीत शिरणाऱ्या कोणालाही आधी दिसला असता. मी म्हणाले, "हिरवा."

"एरर?"

"बंद."

तो शेठकडे तोंड करून, अंदाजाने, सांगायला लागला. सीपीयू चालू आहे, डोकं ठीक आहे, लोचा बाहेर आहे. एलिवेटरचा सेन्सर गेला असणार, तो बघायला माणूस पाठवा. नेहमीच्या भरवशाने बोलत होता. मी सांगितलं ते खरं असतं तर तो बरोबर होता.

इंजिनिअरने कपाटाकडे बघितलं. मग म्हणाला, "मिस्त्री, रन बंद आहे. एररचा लाल दिवा तुमच्या समोर लुकलुकतोय."

इंजिनिअर वाकला, दोन बेसना जोडणारी केबल खाली थोडी सुटली होती ती पॉवर बंद करून दाबून बसवली आणि पुन्हा चालू केली. दोन मिनिटांत मिल सुरू झाली. पण शेठ गेला नाही. त्याने मिस्त्रीच्या समोर जाऊन विचारलं की लाल दिवा दिसला नाही का. मिस्त्री म्हणाला, उजेड डोळ्यावर आला होता. शेठने तीन बोटं धरली आणि विचारलं, कितनी. मिस्त्री म्हणाला, शेठजी, हे काय पोरखेळ.

"कितनी, बोल."

"दो."

दारात बाया जमल्या होत्या, हमाल आले होते. शेठने त्यांना हाकललं नाही. उलट एका हमालाला बोलावून मिस्त्रीसमोर उभं केलं आणि विचारलं, हा कोण आहे. हमालाला बोलायची मनाई केली. मिस्त्रीने त्याच्यासोबत बारा वर्षं काढली होती. तो नाव घ्यायचा प्रयत्न करत होता, तोंड उघडत होता, मिटत होता. कोणीतरी हसलं. मग शेठने स्वतःच्या शर्टाचा रंग विचारला. शेठ रोज पांढरा घालायचा. त्या दिवशी गर्द निळा घातला होता. मिस्त्री म्हणाला, सफेद. दारातले सगळे हसले, शेठही. इंजिनिअर मोबाईलमध्ये बघत होता.

मी कपाटाला हात लावून उभी होते. मला थांबवता आलं असतं. शर्टाच्या वेळी मी नुसतं खोकले असते तरी तो समजला असता. मी बघत राहिले, आणि मला बरं वाटत होतं. हे मी लपवत नाही. सुतळी सोडल्यासारखं वाटत होतं.

शेठने मग फार बोलणं वाढवलं नाही. आंधळ्या माणसाला करंटजवळ ठेवून मला जेलमध्ये जायचं नाही, एवढं म्हणाला, खोली आजच खाली कर. आणि माझ्याकडे बोट करून इंजिनिअरला सांगितलं की आता ही बघेल.

सगळे गेल्यावर मिस्त्रीने माझ्याकडे तोंड वळवलं. नेमकं माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला.

"तुले लाल दिसत होता ना?"

"हो," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. कमरेची किल्ल्यांची जुडी काढली आणि पुढे धरली. तिथे मी नव्हते, तिथे रिकामा कोपरा होता. तो तसाच हात लांब करून उभा राहिला आणि मला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन ती घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून पॅनल माझं झालं. पहिल्याच आठवड्यात मी सगळं कपाट साफ केलं. भुशाची धूळ ब्रशने काढली, वायरींना नवे नंबर लावले, स्टूल बाहेर टाकून खुर्ची आणली. खालच्या बेसच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, सायकलच्या ट्यूबचा एक दुमडलेला तुकडा खोचलेला सापडला. काळा, चिकट. मी तो कचऱ्यात टाकला.

महिनाभर ठीक चाललं. मग खालच्या बेसवरचं शेवटचं कार्ड मधूनच गायब व्हायला लागलं. म्हणजे कार्ड जागेवर, पण सीपीयूला ते दिसेना. एरर यायचा, मिल थांबायची. मी पॉवर बंद करून कार्ड काढायचे, बसवायचे, टक वाजायचं, मिल चालायची, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. नवं कार्ड लावलं, तेच. केबल बदलली, तेच. इंजिनिअर रायपूरला अडकला होता, दोन दिवस येणार नव्हता. टाक्यांत धान भिजत होतं. वेळेच्या वर भिजलं की धानाला आंबूस वास धरतो, मग तो तांदूळ कोणी घेत नाही. शेठ दर दहा मिनिटांनी येऊन दारात उभा राहायचा. तो काही बोलायचा नाही. त्याचं न बोलणं मी ओळखायला लागले होते.

दुपारी मी बाजारातून सामान घेऊन येते असं सांगून निघाले आणि एका हमालाच्या मोटारसायकलवर सडक अर्जुनीच्या पुढच्या त्या गावी गेले.

मिस्त्री ओसरीत खाटेवर बसला होता. दाढी वाढली होती. शर्टाची बटणं एक खाली, एक वर लागली होती. त्याची सून अंगणात धान उन्हात टाकत होती. मी मिलमधून आले असं सांगितल्यावर त्याने विचारलं, "काऊन आली?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कोणतं कार्ड, किती वेळाने जातं, काय काय बदललं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "पॅनल साफ केला असन तू."

"हो."

"ट्यूबचा तुकडा फेकला असन."

त्याने सांगितलं की एलिवेटर चालला की ती भिंत हलते. खालच्या बेसचा उजवीकडचा स्क्रू ढिला होतो, त्याचं भोकच झिजलं आहे. बेस मागे दबतो आणि शेवटचं कार्ड सॉकेटमधून केसभर उचललं जातं. टक वाजतं, पण बसत नाही. मागे रबर खोच आणि दर सोमवारी स्क्रूला हात लावून बघ. डोळ्याने नाही दिसत ते, हाताने लागतं. मी थांबले होते. तो शिव्या देईल, सुनेसमोर मला काहीतरी म्हणेल, याची मी वाट बघत होते, आणि ते झालं असतं तर मला जाणं सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "जाय. धान आंबन."

सून फाटकापर्यंत आली. थकलेली बाई होती, चेहऱ्यावर धानाची कुसं. तिला वाटलं मी मिलची, म्हणजे काही मदत घेऊन आले असेन. तसं नाही हे कळल्यावर तिचा आवाज कोरडा झाला. साखरेने डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलं आहे, तिने सांगितलं. नागपूरला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने आधी आणला असता तर एक डोळा तरी वाचवला असता, आता काही नाही.

"घरी त्यानं सांगतलंच नाई," ती म्हणाली. "सुटीले येत होता तं झोपूनच राहे. तुमी तं रोज पाहत होत्या, तुमाले कधी समजलं नाई?"

मी म्हणाले, नाही.

हमालाने गाडी चालू केली होती. मी बसले. हायवेला लागेपर्यंत मी मनात महिने मोजत होते, दिवाळीनंतरचे. पुन्हा पुन्हा मोजले तरी चहाच्या ग्लासापासून त्या लाल दिव्यापर्यंत चारच येत होते. त्याने स्वतः लपवलं, हे खरं होतं. नोकरी जाईल म्हणून लपवलं. पण त्याच्यानंतर ते सगळ्यांत आधी मला कळलं होतं, आणि ते चार महिने मी जीभ बाहेर काढण्यात घालवले होते.

मिलमध्ये परत आले. रस्त्यातल्या पंक्चरच्या दुकानातून ट्यूबचा तुकडा मागून घेतला होता. पॉवर बंद केली, बेसच्या मागे रबर खोचलं, स्क्रू आवळला, कार्ड बसवलं. संध्याकाळपर्यंत एकदाही एरर आला नाही. धान वाचलं. शेठने इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर, माझ्यासमोर. इंजिनिअरने विचारलं, कसं सापडलं. मी म्हणाले, बेस हाताने दाबून बघितला. तो म्हणाला, शाब्बास, हे आमच्या पोरांनाही सुचलं नसतं. शेठने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि बाहेर बायांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वो अंधा बारा साल बैठा था यहाँ. लड़की ने एक दिन में पकड़ लिया."

मी त्याची चूक सुधारली नाही. त्या क्षणी नाही, आणि नंतरही कधी नाही. त्या गोष्टीवर माझं नाव मिलमध्ये झालं. दुसऱ्या मिलवाल्यांनी मला विचारायला सुरुवात केली. नवीन टाक्यांसाठी तिसरा बेस लागला तेव्हा तो मी बसवला, एकटीने.

गेल्या वर्षी मावसबहिणीच्या साखरपुड्याहून परत येताना मी सडक अर्जुनीला बसची वाट बघत उभी होते. हायवेवर ट्रक उभे होते, ढाब्यावरून कांद्याचा वास येत होता. थोड्या वेळाने एका ऑटोतून मिस्त्री आणि त्याची सून उतरले. ती त्याला दंडाला धरून आणत होती, जरा जोरात, गुरं ओढावीत तशी. त्याला माझ्यापासून चार हातांवर, दुकानाच्या पायरीवर बसवलं. तो खूप वाळला होता. हात मांडीवर उघडे ठेवून बसला होता.

सुनेने मला ओळखलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. माझ्या मनात वाक्यं तयार होत होती, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. मिस्त्रीने मान थोडी वर केली, कोणी जवळ उभं आहे हे त्याला कळलं असावं.

"कोण आहे वो?" त्याने विचारलं.

"कोणी नाई," सून म्हणाली.

मी तिथेच उभी राहिले. बस आली, गोंदियाची. गर्दी नव्हती. मी मागच्या बाजूला जागा घेतली आणि कंडक्टर आल्यावर तिकीट काढलं.